नीलम्माची पोटरी आणि तुमचा शेरा

तुम्ही पाय न बघता शेरा मारला. हा पहिला आरोप. दुसरा असा की, शेरा मारताना तुम्ही खुर्चीत बसलेले होता. खुर्चीत बसलेल्या माणसाला आपल्याला पोटऱ्या आहेत याची आठवण राहत नाही, कारण त्या टेबलाखाली असतात. तोगरगावच्या नीलम्मा गुरुबसप्पा यांचा अर्ज तुमच्यापुढं आला. त्यावर तुम्ही लाल शाईनं लिहिलं, ‘सदर उपचार सौंदर्योपचारात मोडतो, सबब योजनेखाली नामंजूर’. खाली कोंबडीनं उकरल्यासारखी सही केली आणि चहा प्यायलात. चहाचं कसं कळलं म्हणाल, तर कागदावर कपाचा गोल उमटलाय.

तुमचं नाव इथं घेत नाही. एक तर सही वाचता येत नाही. दुसरं, तुम्ही एकटेच असता तर कधीच नाव घेतलं असतं. आता गोष्ट ऐका. अर्जात कारणासाठी दोनच ओळींची जागा होती, गोष्ट तेवढ्यात बसत नव्हती.

दोन हजार सोळाचा उन्हाळा होता. लातूरला पाणी रेल्वेनं येऊन राहिलं होतं. उदगीरच्या पुढं, बिदरच्या अंगाला असलेल्या तोगरगावला ते कधी टँकरनं यायचं, आणि कधी नुसती येणार अशी खबर यायची. त्यातच नव्या जिल्ह्याची हवा उठली होती. आज उदगीर जिल्हा होणार, उद्या किनवट होणार. माणसं सकाळी पेपर उघडून आधी पाणी शोधायची, मग जिल्हा शोधायची. दोन्ही पेपरातच असायचं.

नीलम्मा बावन्न वर्षांची. गावात तिच्या नवऱ्याचं, गुरुबसप्पाचं, किराणा दुकान. लग्नाच्या दुसऱ्या महिन्यात दोघांची वाटणी ठरली की गुरुबसप्पानं गल्ल्यावर बसायचं आणि नीलम्मानं काट्याजवळ उभं राहायचं. तेव्हापासून ती उभी आहे. तूर, गूळ, खोबरं, साबण, सगळं तिनं उभ्यानं तोललं. तीस वर्षांत तिच्या उजव्या पोटरीवरच्या शिरा फुगत फुगत करंगळीएवढ्या जाड झाल्या. मधेमधे गाठी, आणि गुडघ्याच्या मागं बारक्या जांभळ्या रेघांचं जाळं. मांजरा आटली, तेरणा आटली, पण नीलम्माच्या पायावर बाराही महिने निळ्या नद्या. संक्रांतीच्या सुमारास घोट्याजवळची कातडी काळी पडून खाजायला लागली, आणि तिथं रुपयाएवढी जखम झाली. हळद लावली, बिब्बा झाला, कुणी जळवा लावा म्हणून सांगितलं. जखम काही भरेना. उदगीरच्या डॉक्टरनं सांगितलं की ही शिरांची भानगड आहे, लातूरला सुईनं बंद करतात, सरकारी योजनेत बसतं का बघा. म्हणून तो अर्ज.

अर्जाचं उत्तर दुकानात आलं. दुकानाच्या ओट्यावर गुंडप्पा बसलेला होता. गुंडप्पा म्हणजे जिल्हा निर्मिती कृती समितीचा सचिव. गावातली सगळी पत्रं तोच मोठ्यानं वाचायचा, मग ती कुणाचीही असोत. त्यानं घसा साफ केला आणि तुमचा शेरा भाषण दिल्यासारखा वाचला. त्याच वेळी चहापत्ती घ्यायला केवळाबाई आलेली होती.

केवळाबाई शेतकऱ्याघरची, नीलम्माच्याच वयाची, दोन घरं सोडून राहणारी. तिनं चहापत्तीची पुडी कमरेला खोचली. जाता जाता म्हणाली, “नीलक्का, पन्नाशीत कुणाला दावायचेत पाय?”

दुपारपर्यंत गावभर झालं की वाण्याची नीलम्मा सरकारी खर्चानं सुंदर व्हायला निघाली होती आणि सरकारनं न्हाई म्हणलं. पाण्याच्या रांगेत एकीनं विचारलं, “सौंदर्य नामंजूर झालं म्हणं?” दुसरी म्हणाली, “जे हाय तेवढ्यावर भागवा की आता.” नीलम्मानं घागर कमरेवर घेतली. घरी येऊन तिनं नवऱ्यापुढं उजवा पाय ठेवला.

“ह्ये बगा. आन् मला सांगा, ह्येच्यात सौंदर्य कुठं हाय?”

गुरुबसप्पा मितभाषी माणूस. त्यानं चष्मा लावून पाय बघितला. तीस वर्षं बाजूला उभ्या असलेल्या बायकोचा पाय तो पहिल्यांदाच इतक्या जवळून बघत होता, हे त्यालाही कळलं.

“लातूरला जाऊ,” तो म्हणाला.

खर्च त्यानंच केला. किती, ते इथं लिहीत नाही. तुम्हीही विचारलं नव्हतं.

लातूरच्या डॉक्टरीण उमादेवी मूळच्या निलंग्याच्या. तोंडानं फटकळ, हातानं हलक्या. त्यांच्या दवाखान्यातही नळाखाली रिकामी बादली आणि बाहेर पाण्याचे ड्रम होते. त्यांनी नीलम्माला उभं करून पाय बघितला, मग आडवं करून गार जेल लावून यंत्र फिरवलं. पडद्यावर काळं-पांढरं हललं.

“हे बघा, मावशी. पायातलं रक्त वर चढायला लागतं. खाली घसरू नये म्हणून शिरेत झडपा असतात. तुमच्या या शिरेतल्या झडपा धरत नाहीत. रक्त वर जातं आणि परत खाली येतं, साचतं, शीर फुगते.”

“आमच्या गावच्या टाकीचं बी तसंच हाय,” नीलम्मा म्हणाली. “फकस्त तिथं चढतच न्हाई.”

“मी सुईनं औषधाचा फेस सोडणार. शीर आतून चिकटेल आणि बंद होईल. कापायचं नाही, टाके नाहीत.”

“बंद केल्यावर रगत कुठनं जाईल?”

“आत दुसऱ्या चांगल्या शिरा आहेत. त्यांनी जाईल. पायात वाटा पुष्कळ असतात.”

“म्हंजी माझ्या पायातले रस्ते गावापरीस बरे हायत.”

डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत, पण सुई बारकी घेतली. दोन सिरिंजा एकीला एक जोडून त्यांनी औषध इकडून तिकडं, तिकडून इकडं ढकललं. बघता बघता त्याचा पांढरा फेस झाला. नीलम्मा मान उचलून बघत होती.

“ताक घुसळून राहिलात का बाई?”

“हेच ताक. आता पाय हलवायचा नाही.”

मुंगी चावल्यासारखं झालं. मग पुढं दुसरी, मग गुडघ्यामागं तिसरी. तीस वर्षं पायावर मुक्कामाला असलेली करंगळीएवढी शीर नीलम्माच्या डोळ्यादेखत आक्रसून फिकी पडली. वीस मिनिटांत सगळं आटपलं. गुरुबसप्पा बाहेर बाकड्यावर जप करत बसला होता, त्याची एक माळसुद्धा पुरी झाली नव्हती.

पायात घट्ट मोजा चढवला. तो चढवायला दोन नर्सा लागल्या. मग डॉक्टरीणबाईंनी तिला दवाखान्याच्या व्हरांड्यात अर्धा तास चालायला लावलं आणि पथ्य सांगितलं.

“रोज चालायचं. एका जागी उभं राहायचं नाही, दहा मिनिटंसुद्धा नाही. मोजा मी सांगेन तेव्हाच सोडायचा. डाग निळे-तपकिरी दिसतील, घाबरू नका, हळूहळू जातात. पंधरा दिवसांनी मला पाय दाखवा. तुम्ही उभ्या राहिलात तर रक्त परत खाली साचेल आणि ही जखम भरणार नाही. कळलं? घरी काम काय असतं?”

“उभं राहायचं.”

“दुकानात?”

“दुकानात आता ह्ये उभं राहतील. पर पाण्याला मलाच उभं राहावं लागतं.”

“किती वेळ?”

“टँकर येईस्तोवर.”

“तो कधी येतो?”

“आला की.”

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. गुरुबसप्पानं पिशवीतून तुमचा कागद काढून दाखवला. त्यांनी तो दोनदा वाचला, कपाचा गोलही बघितला. “हा शेरा ज्यांनी मारला त्यांना माझ्याकडं पाठवा,” त्या म्हणाल्या. “मी फुकट बघते.”

हा निरोप तुम्हाला आज पोचतोय.

आता तोगरगावच्या रांगेचा नियम सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. आधी रांगेत घागरी ठेवायची पद्धत होती. घागर ठेवली की नंबर लागला, माणूस घरी गेला तरी चालायचं. मग घागरीच्या जागी फुटका माठ आला, माठाच्या जागी चप्पल, चपलेच्या जागी दगड. होळीच्या आधी एक दिवस केवळाबाईनं सात दगड ठेवले, आणि टँकर आल्यावर सात घागरी घेऊन उतरली. त्या दिवशी नीलम्मा चवताळली. साऱ्या गावापुढं आधी कानडीत, मग मराठीत म्हणाली, “साकु. आता बास. दगडाला तहान लागती का? ज्याचे पाय रांगेत, त्याचाच नंबर. पाय रांगेच्या भाईर गेले की नंबर गेला.” चाळीस बायांनी हो म्हटलं. केवळाबाईला दगड उचलावे लागले.

म्हणजे ज्या नियमानं नीलम्माचा पाय आता अडकला, तो नियम नीलम्माचाच होता.

आणि पाणी तर पाहिजेच. गुरुबसप्पाच्या लिंगायत घरची रीत अशी की आंघोळ करायची, मग गळ्यातलं लिंग तळहातावर घेऊन पूजा, मग घास. आंघोळ दोन तांब्यांची असली तरी चालेल, पण झालीच पाहिजे. पाणी नाही तर पूजा नाही, आणि पूजा नाही तर जेवण नाही. यात त्या घरात कधी घासाघीस झाली नाही, बहात्तरच्या दुष्काळातही नाही.

पहिल्या दिवशी गुरुबसप्पा म्हणाला, “मी उभा राहतो.”

तोगरगावात पुरुष पाण्याच्या रांगेत उभा राहिल्याचं कुणाला आठवत नाही. गुरुबसप्पा सकाळीच धोतराचा सोगा खोचून, डोक्याला रुमाल बांधून, दोन घागरी घेऊन उभा राहिला. नंबर आठवा लागला. बायांना पंचाईत झाली, त्याच्यापुढं बोलता येईना. मग एकीला सुचलं.

“आप्पा, मला लई घाई हाय. चुलीवर भात हाय.”

गुरुबसप्पानं तीस वर्षांत गिऱ्हाइकाला कधी नाही म्हटलेलं नव्हतं. “या, आधी तुम्ही,” तो म्हणाला आणि एक पाऊल मागं सरकला. दुसरीचा नातू रडत होता, तिसरीच्या घरी पाहुणे येणार होते. “या, या, आधी तुम्ही.” बाया एकमेकींना कोपरानं ढोसत पुढं सरकू लागल्या. केवळाबाईनं तर काही कारणसुद्धा सांगितलं नाही, नुसतं “आप्पा” म्हटलं. टँकर आला तेव्हा गुरुबसप्पाचा नंबर त्रेचाळिसावा होता, आणि पाणी बेचाळीस जणींना पुरलं.

रिकाम्या घागरी घेऊन तो घरी आला.

“आवो, ह्ये काय केलंत?”

“गिऱ्हाईक तोडायचं असतं का?” गुरुबसप्पा म्हणाला.

त्या दिवशी घरात पिण्यापुरतं पाणी होतं, आंघोळीला नव्हतं. पूजा झाली नाही. दोघं उपाशी राहिली. गुरुबसप्पानं तक्रार केली नाही. दुकानात बसून दिवसभर गिऱ्हाइकांना साखर तोलून दिली. नीलम्मा मात्र घरात फेऱ्या मारत राहिली, कारण चालायचं पथ्य होतं. आणि फेऱ्या मारताना माणूस विचार करतो.

दुसऱ्या दिवशी ती स्वतः गेली. तेविसावा नंबर. मागं चोविसावी केवळाबाई.

“आल्या का सुंदराबाई,” केवळाबाई म्हणाली. “बघू तरी त्यो सौंदर्याचा मोजा.”

नीलम्मानं लुगडं घोट्याच्या वर घेतलं. कातडीच्या रंगाचा मोजा बघून बाया वाकल्या. एकीनं बोट लावून बघितलं. “आगं माय, उन्हाळ्यात ह्ये घालून बसायचं? तवा बरा ह्येच्यापरीस.”

दहा मिनिटं झाली. नीलम्मा रांगेतच जागच्या जागी पाय हलवू लागली. वीस मिनिटं झाली. पोटरीत दुखायला लागलं, मोज्याच्या आत जखम ठणकायला लागली. ती रांगेच्या बाहेर पाऊल टाकून चार पावलं चालली, आणि मागून आवाज आला.

“नीलक्का, पाय रांगेभाईर गेला.”

“परत आले की.”

“पाय भाईर गेला की नंबर गेला. कुणी म्हणलं होतं त्ये? दगडानं म्हणलं होतं का?”

सगळ्या हसल्या. नीलम्माही हसली, कारण ते बरोबर होतं. दगड उचलायला लावलेल्या बाईला दोन महिन्यांनी असा दिवस मिळाला होता, तो ती सोडणार नव्हती.

नीलम्मा जागेवर येऊन उभी राहिली. ऊन चढलं. साडेनऊ झाले. उभं राहावं तर पाय जातो आणि खर्च केलेला सगळा पाण्यात, पाणी नव्हतं तरी. चालावं तर नंबर जातो, आणि आजही घरात पूजा नाही, जेवण नाही. ती खाली बघत होती. खाली बघताना तिला दिसलं की केवळाबाईसुद्धा नीट उभी नाहीये. ती एका पायावरचा भार दुसऱ्यावर, दुसऱ्यावरचा पहिल्यावर टाकत होती, शेळी खुंट्याला बांधल्यासारखी. आणि इतक्या उन्हात तिचं लुगडं पार जमिनीला टेकलेलं होतं. रानात काम करणारी बाई लुगडं इतकं खाली नेसत नाही.

“केवळे,” नीलम्मा हळूच म्हणाली, “पाय दाव.”

“मला काय झालंय?”

“दाव म्हणते ना.”

“मला न्हाई व्हायचं सुंदर.”

नीलम्मानं भर रांगेत खाली बसून तिच्या लुगड्याचा काठ धरला आणि वीतभर वर केला. केवळाबाईच्या दोन्ही पोटऱ्या नीलम्माच्या जुन्या पोटरीहून वाईट होत्या. शिरा दोरखंडासारख्या, आणि डाव्या घोट्याला फडकं बांधलेलं, फडक्यावर पिवळा डाग.

रांगेतल्या बाया वळून बघायला लागल्या.

“कवापासनं?”

“दिवाळीपासनं,” केवळाबाई म्हणाली. मग मान फिरवून, “सोड काठ. बाया बघून राहिल्या.”

“बघू दे. बायांनो, तुमचे बी बघा.”

मग एकीनं बघितलं, दुसरीनं बघितलं. त्रेचाळीस जणींच्या रांगेत अकरा जणींच्या पायावर कमी-जास्त निळं निघालं. काहींचं नुसतं कोळ्याचं जाळं, काहींच्या गाठी. एक म्हातारी म्हणाली, “मला वाटलं होतं, ह्ये वयानं येतं.” एक तरणी सून म्हणाली, “मला वाटलं, ह्ये माहेरनं आलं.”

नीलम्मा उठली. तिच्या डोक्यात कालपासून फिरत असलेलं आता पुरतं फिरून झालं होतं.

“नियम काय हाय? पाय रांगेत पायजेत. बरोबर?”

“बरोबर.”

“रांग कुठं पायजे, आसा नियम हाय का?”

नीलम्मानं चावडीपासून देवळाकडं बोट फिरवलं.

“म्होरली म्होरं, मागली मागं. नंबर तुटायचा न्हाई. आन् सगळी रांग चालंल. चावडीपासनं बसवण्णाच्या देवळाला वळसा, शाळंच्या भिंतीवरनं परत चावडी. टँकर आला की जिथं हाव तिथनं नंबरानं पाणी. पाय रांगेतच ऱ्हायले की न्हाई?”

“येडी झाली,” पहिल्या नंबरची बाई म्हणाली.

“चाल गं म्होरं,” असं कुणी म्हटलं असेल? केवळाबाईनं. “नीलक्का म्हणती त्ये खरं हाय. उभं राहूनशान काय टँकर लवकर येतो का?” आणि तिनं नीलम्माच्या पाठीवर रिकामी घागर टेकवून तिला पुढं ढकललं. नीलम्मानं बाविसावीला ढकललं. धक्का थेट पहिलीपर्यंत पोचला आणि रांग चालायला लागली.

सुरुवातीला हसणं होतं, घागरी एकमेकींवर आपटत होत्या. दुसऱ्या फेरीला चाल बसली. देवळापाशी सावली होती, तिथं पावलं मंदावायची. शाळेच्या भिंतीपाशी ऊन होतं, तिथं पळायची. उभ्या रांगेत रोज भांडणं व्हायची. चालत्या रांगेत मात्र भांडायला मान मागं वळवावी लागे, म्हणून ती निम्म्यावर आली.

देवळासमोर मांडव होता. मांडवात जिल्हा निर्मिती कृती समितीचं साखळी उपोषण चालू होतं. साखळीत चार माणसं, त्यातली दोन जेवायला गेलेली. गुंडप्पा पेपर तोंडावर घेऊन आडवा झाला होता. त्रेचाळीस बाया रिकाम्या घागरी घेऊन शिस्तीत मांडवावरून गेल्या आणि थोड्या वेळानं परत गेल्या, तेव्हा तो उठून बसला. सहा महिन्यांत मांडवापुढं एवढी माणसं आली नव्हती. तिसऱ्या फेरीला तो फलक काढून घेऊन पळत आला आणि रांगेच्या पुढं लागला.

“जिल्हा आमच्या हक्काचा,” तो ओरडला. बाया आपल्या चालत राहिल्या.

पहिल्या नंबरच्या बाईनं मागं निरोप पाठवला, ह्येला हाकलू का? नीलम्मानं निरोप पाठवला, ऱ्हाऊ दे, फलकाची सावली पडती.

खबर कुणी दिली माहीत नाही. अकराच्या सुमाराला जीप आली. जीपमधून एक साहेब उतरले. त्या दिवसांत पाण्याच्या ठिकाणी जमावबंदी होती, हे तुम्हाला माहीत असेल, तुमच्यासारख्यांनीच लावली होती. साहेबांनी हात वर केला. रांग त्यांच्या हाताखालून पुढं गेली. मग साहेबांना रांगेबरोबर चालावं लागलं.

“पाचपेक्षा जास्त लोकांनी इथं उभं राहायचं नाही, माहीत आहे ना?”

“उभ्या कुठं हाव साहेब,” नीलम्मा म्हणाली. “उभं राहायला तर डॉक्टरनं बी मनाई केलीय.”

“मग हे काय आहे?”

“रांग.”

“रांग कधी चालते का?”

“टँकर चालला आसता तर रांग उभी राहिली आसती.”

मागून केवळाबाई म्हणाली, “साहेब, आतल्या अंगानं चाला. तिकडं गटार हाय, कोरडंच हाय, पर मुरगळंल पाय.”

साहेबांना घाम आला होता. त्यांनी वही काढली. चालता चालता लिहिता येईना, अक्षरं उड्या मारत होती. “थांबा जरा. मागणी काय आहे तुमची?”

“थांबता येत न्हाई,” नीलम्मा म्हणाली. “ल्ह्या, टँकर कधी येणार त्ये आदल्या दिवशी कळवा. वेळ कळली की आम्ही वेळेवर येऊ. उभं राहायचं कामच न्हाई.”

“आन् येक बाकडं,” केवळाबाई म्हणाली. “बाकडं ल्ह्या.”

“जिल्हा,” गुंडप्पा पुढून ओरडला. “साहेब, जिल्हा लिहा.”

साहेबांनी तिघांकडं बघितलं. टँकरची वेळ लिहिली तर ती उद्या त्यांनाच पाळावी लागणार. बाकडं लिहिलं तर तेही त्यांनाच आणावं लागणार. जिल्हा देणं त्यांच्या हातात नव्हतं, म्हणून लिहायला तोच बरा होता. त्यांनी जिल्हा लिहिला आणि जीपकडं गेले.

टँकर पाऊण वाजता आला. तेविसावी नीलम्मा, चोविसावी केवळाबाई, सगळ्यांना नंबरानं पाणी मिळालं, आज त्रेचाळिसावीलाही पुरलं. गुरुबसप्पानं दुपारी दीड वाजता आंघोळ केली, पूजा केली, आणि दोघं जेवली. जेवताना तो म्हणाला, “मी येऊ का उद्या, चालायला?” नीलम्मानं नको म्हटलं. चालतानाही त्यानं सगळ्यांना पुढं घातलं असतं.

रोज रांग चालली. पंधराव्या दिवशी नीलम्मा लातूरला गेली, या वेळी सोबत केवळाबाई. डॉक्टरीणबाईंनी मोजा सोडला. शीर बसलेली, डाग तपकिरी पडलेला, आणि जखम कडेनं भरत येऊन हरभऱ्याएवढी उरलेली.

“उभ्या राहिला नाहीत वाटतं,” त्या म्हणाल्या.

“आमची रांगच उभी ऱ्हायली न्हाई,” नीलम्मानं सांगितलं, आणि केवळाबाईला पुढं केलं. “आता हिचं बगा. हिला लाज वाटती, काठ तुम्हीच वर करा.”

केवळाबाईचे दोन्ही पाय बघून डॉक्टरीणबाईंनी बराच वेळ यंत्र फिरवलं. म्हणाल्या की होईल, दोन-तीन खेपा लागतील, पण पावसाच्या आधी सुरू करा, डावी जखम खोल चाललीय. केवळाबाईच्या घरी गल्ला नाही. तिचा अर्ज योजनेतूनच व्हायला पाहिजे. डॉक्टरीणबाईंनी दाखला लिहिला, जखमेचा फोटो जोडला. अर्ज नीलम्मानं दुकानाच्या काट्यापाशी बसून भरला. हो, आता काट्यापाशी स्टूल आहे.

लातूरहून परत आली तेव्हा घरी नीलम्माला एक पत्र आलेलं होतं. ते मात्र गुंडप्पाला वाचायला दिलं नाही, तिनं स्वतः वाचलं. वर लिहिलं होतं, ‘श्रीमती नीलम्मा, अध्यक्षा, जिल्हा निर्मिती महिला आघाडी’. खाली, की आपण काढलेल्या मोर्चाची नोंद घेण्यात आली असून आपली नव्या जिल्ह्याची मागणी योग्य त्या कारवाईसाठी पुढं पाठवण्यात येत आहे. टँकरच्या वेळेचं त्यात काही नव्हतं. बाकड्याचंही नव्हतं. सही तीच, कोंबडीनं उकरल्यासारखी. त्या कचेरीतून या कचेरीत तुमची बदली झाली, का सगळ्या कचेऱ्यांत सही एकच आहे, हे नीलम्माला कळलं नाही.

तिनं पाय मागितला, तुम्ही त्याला सौंदर्य म्हणालात. तिनं पाणी मागितलं, तुम्ही त्याला जिल्हा म्हणालात. आता केवळाबाईचा अर्ज तुमच्याकडं आलाय. फोटो सोबत आहे. फोटोवर भरवसा नसेल तर स्वतः या, सकाळी या, चोविसाव्या नंबरच्या मागं तुम्हाला जागा करून देतात. केवळाबाई चालता चालता काठ वर करून दाखवील, आता तिला लाज वाटत नाही. बघा, आणि मग लिहा, केवळाबाईच्या पायावर आहे तो रोग आहे की सौंदर्य? मृग लागायच्या आत लिहा, लेखी लिहा, सही वाचता येईल अशी करा, आणि या वेळी कागदावर कप ठेवू नका. कोणत्या तारखेला देता उत्तर?